कोकण किनाऱ्यावरचा खलनायक: मुलांच्या कथामालिकेसाठी विडंबन-पात्र कसं घडवावं

मुलांच्या कथामालिकेत एखादी गोष्ट फिकी पडली तर चालून जातं, पण खलनायक फसला की मालिकाच बसते. त्यातही तो विडंबनाचा खलनायक असेल, म्हणजे राक्षस, चाचे, जगज्जेते अशा ठरीव दुष्टांची नक्कल करून हसू आणणारा, तर काम आणखी अवघड. त्याला एकाच वेळी हास्यास्पदही ठेवायचं असतं आणि धोक्याचाही. पुष्कळ लेखक पहिल्या अर्ध्यावरच थांबतात. मोठी ढेरी, आकडेबाज मिशा, पाय घसरून शेणात पडणं. मुलं दोन पानं हसतात. मग त्यांच्या लक्षात येतं की याच्या हातून कुणाचं काहीच बिघडणार नाही, आणि पुस्तक बाजूला पडतं.

हा लेख सिंधुदुर्ग, रत्नागिरी, रायगडच्या किनाऱ्यावर घडणारी, साधारण आठ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठीची मालिका लिहू पाहणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणासाठी एकच पात्र घेऊन ते टप्प्याटप्प्याने घडवू.

लिहिण्याआधी: संकासुर पाहून या

कोकणात असा खलनायक आधीपासून आहे आणि तो शेकडो प्रयोगांतून घासूनपुसून तयार झालेला आहे. दशावतारात, म्हणजे सिंधुदुर्गाकडच्या रात्रभर चालणाऱ्या लोकनाट्यात, मुख्य आख्यान लागण्याआधी गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव यांची सोंगं येतात आणि त्यांच्यामागून संकासुर येतो. काळा वेश, तोंडात मालवणी. देव प्रमाण मराठीत गंभीरपणे बोलतात आणि हा त्यांना गावच्या भाषेत उत्तरं देतो. प्रेक्षक लोटपोट हसतात. पण त्याने केलंय काय? वेद पळवलेत. त्याचं वागणं कितीही हसवणारं असो, गेलेली वस्तू मोठी आहे. ती परत आणायला विष्णूला यावं लागतं.

रत्नागिरीकडे शिमग्यात, नमन-खेळे या लोककलेतही संकासुर येतो. उंच टोकदार टोपी, अंगात काळं, कमरेला घुंगरू. लहान मुलं त्याला बघून पळतात आणि तो वळला की त्याच्या मागे धावतात. हे पळणं आणि पुन्हा मागे धावणं तुमच्या पुस्तकात घडलं पाहिजे. कार्तिकातल्या जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या एका प्रयोगाला रात्रभर बसा. रंगमंचाकडे कमी आणि पुढे बसलेल्या मुलांकडे जास्त बघा. राक्षसाचा प्रवेश होतो तेव्हा पखवाज आणि झांज वाढते, तो स्वतःच्या पराक्रमाचं वर्णन करतो, आणि मुलं एकमेकांना चिकटून बसतात. दशावतारी नटांकडे लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरवून घेतात आणि संवाद रंगमंचावर सुचतील तसे बोलतात. तरीही राक्षसाची ऐट एका प्रयोगातून दुसऱ्यात हलत नाही, कारण नटाला तो राक्षस आतून ठाऊक असतो. तुमच्याही खलनायकाची अशी ओळख तुम्हाला हवी. त्याला अनोळखी प्रसंगात टाकलं तरी तो काय बोलेल हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

पायरी पहिली: नक्कल कुणाची, ते एका वाक्यात लिहा

‘सगळ्याच दुष्टांची’ असं उत्तर आलं तर थांबा. विडंबनाला ठराविक मूळ लागतं, कारण मुलाने ते मूळ कुठेतरी ऐकलेलं-पाहिलेलं असेल तरच नक्कल ओळखून ते हसणार. आपल्या उदाहरणासाठी: ‘जगावर राज्य करायला निघालेला, काळा झगा घातलेला, गडगडाटी हसणारा सम्राट, पण तो एका लहानशा बंदराच्या गावात येऊन राहिला आहे.’

इथेच एक कुंपण घालून घ्यावं. नक्कल सत्तेची, गर्वाची, लोभाची करावी. आंब्याच्या बागेतला नेपाळी राखणदार, चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेला मजूर, ट्रॉलरवरचा खलाशी यांच्यासारखा माणूस खलनायक करू नका. हसवण्यासाठी तोतरेपणा, काळा रंग, लंगडं चालणं वापरू नका. वर्गात तसं एखादं मूल बसलेलं असतं आणि मधल्या सुट्टीत तुमचं पुस्तक त्याच्या अंगावर येतं. गावच्या राखणदार देवतांनाही सोडा. आरवलीचा वेतोबा आडदांड दिसतो, त्याला भल्यामोठ्या वहाणा वाहतात. बाहेरच्या लेखकाला त्यात खलनायक दिसू शकतो. गावाला त्यात आपला रक्षणकर्ता दिसतो. मुलाच्या मनातला तो आधार काढून घेण्याचं काहीच कारण नाही.

पायरी दुसरी: नाव

कोकणात आडनाव म्हणजे पत्ता. नेरूरचे नेरूरकर, वालावलचे वालावलकर. खलनायकाला असं खरं आडनाव दिलंत तर एक अख्खं गाव दुखावतं आणि शाळेत त्या आडनावाच्या मुलाला वर्षभर चिडवलं जातं. म्हणून पदवी द्या, तीही त्याने स्वतःच घेतलेली. आपला खलनायक स्वतःला ‘महासम्राट प्रलयंकर’ म्हणवतो. गावात पाऊल ठेवताच तो दोन्ही हात उंचावून नाव गरजतो, आणि जाळं विणत बसलेला म्हातारा मान वर करून विचारतो, “प्रलयंकर? म्हणजे तुमचो गाव खंयचो?” (तुमचं गाव कुठलं?)

हा एक प्रश्न मालिकाभर पुरतो. प्रत्येक नवं माणूस त्याला तेच विचारणार. दुसऱ्या पुस्तकापासून मुलं तो प्रश्न पात्राच्या आधी स्वतःच म्हणतात, आणि मोठ्याने वाचायच्या पुस्तकात याहून चांगली गोष्ट नाही. फक्त त्याने कधीही समजूतदार उत्तर द्यायचं नाही. तो दर वेळी पहिल्यांदाच विचारल्यासारखा भडकला पाहिजे.

पायरी तिसरी: त्याला हवं ते खरं असू द्या

सगळ्या पायऱ्यांमध्ये माझ्या मते ही सर्वांत महत्त्वाची. प्रलयंकर स्वतःला विनोदी समजत नाही. तो एकही वाक्य हसवण्यासाठी बोलत नाही. त्याला खरोखर वाटतं की हा किनारा आपल्या हुकमावर चालावा: भरती आपण सांगू तेव्हा यावी, होड्या आपण म्हणू तेव्हा निघाव्यात. हे त्याला का हवं, याचं कारण तुमच्याकडे असावं, पुस्तकात छापलं नाही तरी चालेल. समजा, आयुष्यात त्याचं कुणी कधी ऐकलंच नाही. एवढं पुरे. लांबलचक दुःखी बालपण देऊ नका. मुलांना मग त्याच्यावर हसणं पाप वाटू लागतं.

आणि त्याच्या बेताने गावाचं खरं नुकसान व्हायला हवं. ‘जग जिंकणार’ हा धोका आठ वर्षांच्या मुलाला पोकळ लागतो. ‘रापणीच्या होडीची वल्ही चोरीला गेली’ हा धोका त्याला पोटात कळतो. रापण म्हणजे सगळ्या वाडीने मिळून किनाऱ्यावर ओढायचं जाळं आणि सगळ्यांनी वाटून घ्यायची मासळी. वल्ही नाहीत तर होडी जाळं टाकायला जाणार नाही, जाळं नाही तर वाटा नाही, आणि वाटा नाही तर आपल्या गोष्टीतल्या यमू या मुलीच्या घरी आज कालवणाला काही नाही. गोष्ट जितकी लहान आणि नेमकी, तितका खलनायक मोठा दिसतो.

पायरी चौथी: गाव त्याला खलनायक मानतच नाही

विनोद कुठून येणार, हे एकदा ठरवून ठेवलं की प्रत्येक गोष्टीत नवे विनोद शोधत फिरावं लागत नाही. या मालिकेत तो एकाच ठिकाणाहून येतो: प्रलयंकर जे काही भीषण म्हणून करतो, त्याला गावात आधीच एक साधं नाव आणि साधी जागा आहे.

तो फाल्गुनात काळा झगा, शिंगं आणि कवट्यांची माळ घालून मध्यरात्री गावावर चालून येतो. पण फाल्गुनात गावभर सोंगंच सोंगं हिंडत असतात. लोक त्याला शिमग्याचं पोस्त, म्हणजे सोंगांना द्यायचे पैसे, देतात, वर सोंग मागच्या वर्षीपेक्षा बरं झालंय म्हणतात. खरा संकासुर समोर येतो तेव्हा दोघांपैकी कुणाला जास्त पोस्त मिळालं यावरून वाजतं.

तो सड्यावर, म्हणजे गावाच्या वरच्या कातळाच्या माळावर, भूमिगत गुहा खोदायला घेतो. जांभ्याचा कातळ पहारीला दाद देत नाही, पण वरचा थर निघाल्याबरोबर दोन बायका येऊन विचारतात, “चिरो कसो दिलास?” म्हणजे बांधकामाचा चिरा काय भावाने दिलास? त्यांना वाटतं, नवीन चिरेखाण सुरू झाली.

गणेशचतुर्थीला चाकरमानी आलेत म्हणजे गावातली माणसं देखाव्यांत गुंग असणार, आता घरं लुटू, असा त्याचा हिशेब असतो. पण त्या दिवसांत कोकणातलं गाव वर्षभरात कधी नसेल इतकं भरलेलं असतं. पहिल्याच घरात शिरतो तर आरती चाललेली. कुणीतरी त्याच्या हातात झांजा देतं. आरती संपल्यावर मोदक. दुसऱ्या घरात पुन्हा आरती, पुन्हा मोदक. पाचव्या घरानंतर त्याला झग्याचा पट्टा सैल करावा लागतो आणि चोरीचं पोतं रिकामंच राहतं.

यात गावकरी मूर्ख नाहीत, हे ध्यानात ठेवा. ते आपल्या जगाच्या हिशेबाने अगदी बरोबर बोलतात. चुकीचा हिशेब प्रलयंकरचा आहे, कारण ज्यावर राज्य करायचं त्या जागेची त्याने कधी चौकशीच केली नाही. गावातल्या थोरामोठ्यांना बावळट दाखवून खलनायक हुशार करणं हा सोपा मार्ग आहे आणि तो मुलांचा विश्वास घालवतो.

मासे विकणारी एखादी म्हातारी असू द्या, जी त्याच्याशी इतर कुणासारखीच बोलते. तो तिला धमकी देतो, “थरथर काप, म्हातारे! तुझ्यासमोर प्रलय उभा आहे!” ती पाटी खाली ठेवते आणि म्हणते, “काय रे झिला (पोरा), जेवलंस?” आणि तो जेवलेला नसतो. हा क्षण ताणू नका. एका ओळीत पुढे जा.

पायरी पाचवी: बेत त्याचा, पाडाव किनाऱ्याचा

खलनायक घसरून पडला म्हणून हरला, असं कधीही लिहू नका. त्याचा बेत त्याच्या तर्काने पक्का असावा, आणि निसर्गातली किंवा गावातली एक खरी गोष्ट ठाऊक नसल्याने तो कोसळावा. तीच गोष्ट मुलांना ठाऊक असावी. मग जिंकणं हे मुलांच्या जाणतेपणाचं होतं आणि वाचणाऱ्यालाही काहीतरी हाती लागतं.

वल्ह्यांची गोष्ट पूर्ण करून पाहू. प्रलयंकर आणि त्याचा हरकाम्या बाबल वल्ही चोरतात. दशमीचा दिवस. दुपारी पावणेदोनच्या सुमारास ओहोटी पुरती झालेली असते आणि खाडीच्या तोंडाशी एक खडक उघडा पडलेला दिसतो. त्याच्या कपारीत वल्ही बांधून ठेवतात. प्रलयंकर वहीत लिहितो: ‘गुप्त बेट. रोज दुपारी पावणेदोन वाजता प्रकट होते.’ दोन दिवसांनी, द्वादशीला, तो वल्ही हलवायला बरोबर पावणेदोनला जातो आणि खडक दिसतच नाही. कुणीतरी आपलं बेट चोरलं म्हणून तो किनाऱ्यावर आकांत करतो.

इकडे यमू, दत्तू आणि नूर ही गावातली मुलं आजोबांकडून शिकलेला हिशेब मांडतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. दशमीला १० ची पाऊणपट साडेसात, म्हणजे साडेसातला भरती. भरतीपासून साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे पावणेदोन. द्वादशीला १२ ची पाऊणपट नऊ, म्हणून ओहोटी सव्वातीनच्या सुमारास. मुलं तीन वाजता कमरेभर पाण्यातून, आजोबांना सोबत घेऊन जातात आणि वल्ही घेऊन येतात. पौर्णिमा जवळ आली की उधाण वाढतं, म्हणजे भरती जास्त चढते आणि ओहोटीही जास्त उतरते. त्यामुळे खडक परवापेक्षा अधिक उघडा पडलेला असतो, हेही दत्तूला आधीच माहीत असतं.

आजोबा मुद्दाम आहेत. किनाऱ्यावरची मुलं ही पुस्तकं वाचून खाडीत उतरतील, तेव्हा पाण्याशी संबंधित प्रत्येक प्रसंगात एक जाणतं माणूस ठेवा. त्याने गोष्टीचा वेग मंदावत नाही.

अशा गोष्टींचा साठा किनाऱ्यावर भरपूर आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं वाळूतून निघाल्यावर उजेडाच्या दिशेने, म्हणजे रात्रीच्या चमकत्या समुद्राकडे जातात. किनाऱ्यावर प्रखर दिवा असेल तर वाट चुकून उलटी फिरतात. प्रलयंकरने आपल्या तळावर प्रचंड सर्चलाइट लावला, तर पिल्लं रांगेने त्याच्याच दारात येतील. त्याला वाटेल सैन्य शरण आलं. मुलांचा प्रश्न मात्र खरा आणि घाईचा आहे: दिवा आत्ताच्या आत्ता कसा विझवायचा? हसू आणि काळजी एकाच पानावर, हेच तर हवंय.

साथीदार

बाबल एकच पुरे. तो स्थानिक आहे, त्याला सगळं ठाऊक आहे, पण विचारल्याशिवाय सांगायचं नाही असा त्याचा नियम. प्रलयंकर कधीच विचारत नाही. बाबल मार खाणारा गडी होऊ देऊ नका. मालक नोकराला बडवतो यावर हसायला मुलांना शिकवू नये.

पायरी सहावी: मालिकेचा पट ऋतूंवर मांडा

बारा गोष्टी लिहायच्या तर विषय शोधत बसण्यापेक्षा वर्ष समोर ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. या दोन महिन्यांत प्रलयंकर ‘मी समुद्र बंद केला!’ असा दावा करू शकतो, आणि नारळी पौर्णिमेला नारळ पाण्यात पडल्यावर त्याची पंचाईत होते. मग गणपती, कार्तिकातल्या जत्रा, थंडीत कासवं, फाल्गुनात शिमगा, चैत्र-वैशाखात आंबा आणि पाण्याची टंचाई. दर गोष्टीचा धोका त्या त्या महिन्यातल्या कामातून आला की ती उपरी वाटत नाही.

गोष्टींमध्ये त्याचं काय बदलतं आणि काय बदलत नाही, याची एक वही ठेवा. न बदलणाऱ्या गोष्टी थोड्या: नावाची गर्जना, गावच्या प्रश्नावर भडकणं, वहीत चुकीची नोंद. बदलणाऱ्या गोष्टी हळूहळू: म्हातारीने दिलेली चादर त्याच्याकडे राहते, चौथ्या गोष्टीत तो भरतीच्या वेळा शिकतो, आणि म्हणून पाचव्या गोष्टीत तो खरंच अवघड जातो. खलनायक शिकत नसेल तर मुलं सहाव्या गोष्टीपर्यंत थांबणार नाहीत. पण त्याला सज्जन करून टाकण्याची घाई नको. तो सुधारला की मालिकेचं इंजिनच बंद. एखाद्या गोष्टीत तो चुकून चांगलं काम करो आणि त्याचा त्याला मनापासून संताप येवो.

पायरी सातवी: बोली

निवेदन साध्या प्रमाण मराठीत, गावकऱ्यांचे संवाद बोलीत, प्रलयंकरची भाषा पल्लेदार, पौराणिक नाटकातल्यासारखी. तीन स्तर वेगळे राहिले की कोण बोलतंय हे ‘म्हणाला’ न लिहिताही कळतं. हसू नेहमी पल्लेदार भाषेवर यावं, बोलीवर नव्हे. गाव कुठलं ते आधी पक्कं करा: मालवणीतलं ‘खंय’ अलिबागच्या कोळीवाड्यात ठेवू नका, आणि संगमेश्वरी बोलणाऱ्या आजीला मालवणी करू नका. बोली तुमची नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून प्रत्येक संवाद तपासून घ्या. एका पानावर सहा-सात ओळींपेक्षा जास्त बोली नको. देशावरच्या मुलालाही पुस्तक वाचायचं आहे.

पायरी आठवी: मुलांसमोर वाचा

साधारण बाराशे शब्दांचं प्रकरण दहा-बारा मिनिटांत मोठ्याने वाचून होतं. एका बैठकीला तेवढंच घ्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत, वाचनालयात, अंगणात, जमेल तिथे वाचा, आणि वाचणारं माणूस तुम्ही स्वतः नसलात तर उत्तम, म्हणजे तुम्हाला मागे बसून बघता येईल. कागदावर दोनच खुणा करायच्या: मुलं कुठे हसली, आणि कुठे गप्प होऊन पुढे सरकली. फक्त पहिल्या खुणा मिळाल्या तर धोका कमी पडलाय. पायरी तिसरीकडे परत जा आणि चोरीला गेलेली वस्तू बदला. फक्त दुसऱ्या खुणा आल्या तर खलनायकाचं बोलणं पुरेसं ऐटबाज नाही. दोन्ही खुणा एकाच पानावर आल्या तर त्या पानाला हात लावू नका आणि तेच पान चित्रकाराला आधी पाठवा. प्रलयंकर कसा दिसतो हे त्या पानावरून ठरू द्या. उंची, झग्याची लांबी, शिंगं कुठे बांधलीत, हे सगळं तिथे एकदा नक्की झालं की वहीत चिकटवा, कारण पुढच्या गोष्टीत शिंग डावीकडचं उजवीकडे गेलं तर पहिल्यांदा ते वाचणारं मूलच पकडणार.